अवेळी आलेला हात

पाच पानं मी सुलटी केली आणि क्षणभर ती मला वाचताच आली नाहीत. इस्पिक एक्का. किलवर एक्का. इस्पिक अठ्ठी, किलवर अठ्ठी. आणि सगळ्यात कडेला, जरासा तिरका पडलेला, चौकट गुलाम. टेबलाच्या पलीकडे रेल्वेकाकांनी चष्मा कपाळावर चढवला, पुढे वाकून ती पाच पानं एकेक करून पाहिली आणि मागे रेलून एक लांबलचक शीळ घातली. शेजारच्या टेबलावरची ड्रॅगनवाली पोरंसुद्धा मान वळवून बघायला लागली. सात महिने मी ज्या हाताची वाट बघत होतो, ज्याच्यासाठी अख्खा डेक, म्हणजे पानांचा गठ्ठा, बांधला होता आणि ज्याच्यापायी बुधवारमागून बुधवार हरत आलो होतो, तो हात जसाच्या तसा, जोकर-बिकर काही न लावता, माझ्यासमोर पडला होता. फक्त तो लोबॉलला आला होता. लोबॉल म्हणजे या खेळातला दिवस उजाडताना एकेक खडा, म्हणजे खेळातला पैसा, लावून खेळायचा डाव, आणि त्यात सगळ्यात हलका हात जिंकतो. काकांकडे फुटकळ पाच पानं होती, एक जोडीसुद्धा नाही. त्यांनी मधले दोन खडे आपल्याकडे ओढले, मग खिशातून फोन काढला आणि अगदी अदबीने विचारलं, "फोटो काढू का? असं परत दिसायचं नाही." मी म्हणालो, "राहू द्या." आणि पाचही पानं गोळा करून टाकलेल्या पानांच्या ढिगात सारून दिली.

राहू द्या का म्हणालो, ते घरी येईपर्यंत कळलं नाही. अजूनही नीटसं कळलेलं नाही.

खेळाचं नाव डूमटाउन. कॅलिफोर्नियातलं गोमोरा नावाचं खोटं गाव, खाणीवर वसलेलं. 'डेडलँड्स' नावाच्या एका जुन्या रोल-प्लेइंग खेळाच्या दुनियेतलं. तिथे बंदुका आहेत, शेरीफ आहे, दरोडेखोर आहेत, शिवाय भुतंखेतं, चेटूक आणि एक सर्कसही आहे. पैशाच्या जागी घोस्ट रॉक नावाचा खडा चालतो, जाळला की किंचाळणारा. हा खेळ पहिल्यांदा १९९८ मध्ये आला, चालला, बंद पडला. २०१४ मध्ये 'रीलोडेड' म्हणून परत आला, दोनेक वर्षांत कंपनीने पुन्हा हात वर केले, आणि मग त्याच्यावर जीव असलेल्या मंडळींनी एक छोटी कंपनी काढून तो पुन्हा उभा केला. म्हणजे दोनदा मेलेला आणि दोनदा उठलेला खेळ. भुताखेतांच्या खेळाला शोभतंही ते. माझ्या हाती तो लागला तो डेन्व्हरच्या आमच्या उपनगरातल्या दुकानात, जुन्या मालाच्या फळीवर, कोपरे दबलेल्या एका खोक्यात. आधीच्या मालकाने प्रत्येक गठ्ठ्याला केसांचं रबर लावून ठेवलं होतं. त्या रबरांना शँपूचा वास येत होता. कुणीतरी बायकोचे किंवा मुलीचे रबर ढापले असणार, आणि नंतर कधीतरी खेळ विकला. त्या वासाने मी तो घेतला म्हटलं तर लोक हसतील, पण घेतला खरा.

या खेळातली गंमत अशी की प्रत्येक पान दोन जागी नोकरी करतं. टेबलावर ठेवलं तर ते माणूस असतं, दुकान असतं, घोडा असतो नाहीतर एखादी करामत. आणि बंदुका निघाल्या की तेच पान साधं पत्त्याचं पान होतं, आकड्याचं आणि रंगाचं, कारण गोळीबाराचा निकाल पोकरच्या हातावर लागतो. इस्पिक म्हणजे माणसं, चौकट म्हणजे जागा, बदाम म्हणजे सामान, किलवर म्हणजे करामती. गठ्ठा बावन्न पानांचाच, पण तो तुम्ही स्वतः भरायचा. एकाच रंगाच्या एकाच आकड्याची चारपर्यंत पानं घालता येतात. त्यामुळे शहाणी माणसं काय करतात, तर दोन-तीन आकडे धरतात आणि अख्खा गठ्ठा त्यांनीच भरून टाकतात. कुठूनही पाच पानं उचला, तीन अठ्ठ्या नाहीतर फुल हाउस ठरलेलं. हातांना पायऱ्या आहेत: दोन जोड्या तिसऱ्या पायरीवर, फुल हाउस सातव्या, चार सारखी पानं आठव्या. दोघांच्या पायऱ्यांत जितका फरक, तितकी हरणाऱ्याची हानी. दिवसाखेर तुमच्या ताब्यातल्या जागांचे गुण समोरच्याच्या माणसांच्या गावातल्या वजनापेक्षा जास्त भरले की गाव तुमचं. म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायतच. फक्त मतदानाच्या आधी गोळीबार.

आणि सगळ्यात वर, अकराव्या पायरीवर, पाच सारख्या पानांच्याही वर, एक हात एकटा बसलेला आहे. डेड मॅन्स हँड, मेलेल्या माणसाचा हात. दोन काळे एक्के, दोन काळ्या अठ्ठ्या, चौकट गुलाम.

मी त्याच्यासाठी डेक बांधला. त्या पाच पानांच्या प्रत्येकी चार प्रती, म्हणजे वीस पानं. उरलेली बत्तीस वाट्टेल त्या आकड्यांची, गावातल्या बाजारासारखी विखुरलेली. दुकानात मी ती यादी दाखवली तेव्हा एका पोराने ती वाचून प्रामाणिकपणे विचारलं, "हे जिंकण्यासाठी आहे का?"

याची सुरुवात दक्षिण डकोटातल्या डेडवूडला झाली. दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही तिघं गाडीने गेलो होतो, डेन्व्हरहून सहा-सात तास. अर्धा रस्ता वायोमिंगचं रिकामं गवत, मग हळूहळू काळपट पाइनच्या टेकड्या. गावात उन्हाळाभर रस्त्यावर नाटक करतात. वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाला कसा मारला त्याचं. २ ऑगस्ट १८७६. एरवी भिंतीला पाठ लावून बसणारा माणूस त्या दिवशी दाराकडे पाठ करून बसला, कारण भिंतीकडची खुर्ची दुसऱ्याने धरली होती आणि ती मागितली तरी तो दुसरा उठला नाही. जॅक मकॉल नावाच्या इसमाने मागून येऊन डोक्यात गोळी घातली. हिकॉक एकोणचाळीस वर्षांचा होता. हातात, म्हणे, काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या होत्या. 'म्हणे' अशासाठी की ही पानांची गोष्ट छापून पसरली ती पन्नास वर्षांनी, १९२०च्या दशकात. पाचवं पान कोणतं यावर तर आजही एकमत नाही. कुणी चौकट नव्वी सांगतो, कुणी किलवर राणी. माझ्या खेळाने चौकट गुलाम मानला आहे. नाटक संपल्यावर माझ्या मुलीने मला विचारलं, "बाबा, पण त्याला माहीत होतं का, त्याच्या हातात काय होतं ते?" मी म्हटलं, असणारच, पानं बघितल्याशिवाय कोण खेळतं. "मग तो खूश होता का?" यावर मला काही सुचलं नाही. मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं.

कारण खरं सांगायचं तर तो हात काही फार मोठा नाही. पोकरमध्ये एक्के-अठ्ठ्या म्हणजे दोन जोड्या. बरा हात, बस. तिर्रीची तिकडीसुद्धा त्याला खाऊन टाकते. त्या हाताची किंमत पानांवरून ठरलीच नाही, मयतावरून ठरली. जिवंत राहिला असता तर हिकॉकने चार पैसे जिंकले असते किंवा हरले असते, आणि पानं पुन्हा पिसली गेली असती. मकॉलचंही तसंच. खाणकामगारांनी घाईने भरवलेल्या कोर्टात तो निर्दोष सुटला, मग पुन्हा पकडला गेला. पहिला निवाडा धरायचाच नाही असं ठरलं, कारण १८६८ च्या तहाप्रमाणे ती जमीन, ब्लॅक हिल्सचे डोंगर, लाकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांची होती आणि डेडवूड हे गावच मुळात बेकायदा होतं. मग यांक्टनला नव्याने खटला आणि १ मार्च १८७७ ला फाशी. एका खुन्याला लटकवायच्या वेळी तहाची आठवण झाली, जमीन मात्र लाकोटांची लाकोटांकडे राहिली नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचे पैसे मान्य केले. ते त्यांनी आजवर उचललेले नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की डोंगर विकायला काढलेच नव्हते. नाटकात यातलं काही नव्हतं. नाटकात टोपी उडवणारी बंदूक होती आणि पॉपकॉर्न होते. बसल्या बसल्या माझ्या डोक्यात मात्र ती पाच पानं घर करून बसली.

घरी येऊन मी हिशेब मांडला. बावन्न पानांच्या भरल्या गठ्ठ्यातून पाच पानं उचलली तर हा हात येण्याची शक्यता सुमारे २,५३८ मध्ये एक. पण चांगला नेमबाज असला की जादा पानं उचलायला मिळतात आणि त्यातली उत्तम पाच ठेवायची. दहा पानं बघायला मिळाली तर शक्यता शंभरात चारच्या आसपास जाते. शंभरात चार! मला हे प्रचंड वाटलं. कापडाच्या व्यापाऱ्याला वाटणार नाही, पण इंजिनिअरला पाच दशांश स्थळं दिसली की तो आशावादी होतो. नियमाने दोन जोकर घालता येतात, ते मी घातले नाहीत. आमच्या घरात जोकर लावून जुळवलेल्या सिक्वेन्सला आई सिक्वेन्स म्हणायचीच नाही. "आधी प्युअर दाखव, मग बोल." चाळीस वर्षं झाली, अजून जोकर उचलताना मला चोरी केल्यासारखं वाटतं. आणि हे कुठे, तर चोरीची रीतसर मुभा असलेल्या खेळात. इथे एकच पान हातात दोनदा आलं तरी तो हात लावता येतो. फक्त समोरच्याकडे तुम्हाला पकडायची करामत नसली पाहिजे.

खरी गोम हिशेबात नव्हतीच, आणि ती कळायला मला तीन बुधवार लागले. टेबलावर मांडलेलं पान गठ्ठ्यात नसतं. इतकी साधी गोष्ट. माझा सगळ्यात तालेवार बंदूकबाज इस्पिक अठ्ठी होता. त्याला रस्त्यावर उतरवला की गठ्ठ्यातल्या चार इस्पिक अठ्ठ्यांच्या तीन व्हायच्या. चौकट गुलाम म्हणजे माझी दुकानं आणि एक खाण. ती बांधली तर रोज खडे मिळणार, गावात पाय रोवला जाणार, पण तेवढे गुलाम गोळीबाराच्या वेळी गैरहजर. बरं, हातात धरून बसावं म्हटलं तर तेही चालत नाही. हातातलं पानही गठ्ठ्याबाहेरचंच. म्हणजे जपायचं तर न बघता जपायचं, पानांनी गठ्ठ्यात अंधारात पडून राहिलं पाहिजे. मग मी काय करायला लागलो, तर सुरुवातीची टोळी मुद्दाम दुसऱ्या आकड्यांची निवडली. दोन म्हातारे, एक दारुडा डॉक्टर, एक शाळामास्तरीण. चांगली माणसं आत, गचाळ माणसं चौकात. गुलाम हातात आला की दिवस मावळताना तो टाकून द्यायचा, म्हणजे फिरून कधीतरी गठ्ठ्यात जाईल. रेल्वेकाका एकीकडे दणादण गाव बांधत होते, बँक, तबेला, खानावळ, आणि माझ्या बाजूला अर्धा रिकामा रस्ता. एकदा त्यांनी माझी टाकलेली पानं चाळून बघितली, भुवया उंचावल्या आणि विचारलं, "ही खाण तू तिसऱ्यांदा फेकतोयस. पैसे नकोत का तुला?"

तर असा तो डेक. गठ्ठा विखुरलेला असल्यामुळे सकाळच्या लोबॉलला मी बहुतेक वेळा जिंकायचो. काकांच्या घट्ट गठ्ठ्यातून लोबॉललाही फुल हाउसच निघायचं आणि एक खडा मला मिळायचा. त्या खड्यांवर मी दोन म्हाताऱ्यांना पोसायचो. आणि दुपारी गोळीबार झाला की माझा हात यायचा: दोन काळे एक्के, दोन काळ्या अठ्ठ्या, आणि पाचवं पान बदाम तिर्री. म्हणजे दोन जोड्या, पायरी तिसरी. समोर फुल हाउस, सातवी. चारांची हानी. माझी माणसं हातात एक्के-अठ्ठ्या घेऊन मरायची, अगदी इतिहासाबरहुकूम.

रेल्वेकाका हे नाव अर्थात माझं. ते उभं आयुष्य मालगाड्यांवर होते, आता निवृत्त आहेत, गळ्यात दोरीचा टाय आणि त्याच्या गाठीला निळा खडा. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना तोंडावर नुसत्या नावाने हाक मारतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नावाने हाक मारताना माझी जीभ अजून अडखळते, म्हणून मनातल्या मनात पुढे काका लावून घेतो. त्यांची पिसण्याची पद्धत मला फार आवडते. या खेळात पानांना प्लॅस्टिकच्या खोळी घालतात, त्यामुळे पत्ते पिसल्याचा तो खरा फर्रर आवाज होत नाही, ओल्या पानांवरून कुणी चालल्यासारखी सरसर होते. त्यांचे हात जाडजूड, एका बोटाचं पेर नाही, पण पानं अशी एकमेकांत शिरतात की बघत राहावं. गठ्ठा माझ्यापुढे ठेवून ते दोन बोटांनी टेबलावर टकटक करतात. काट, म्हणून.

ही टकटक ऐकली की मी मिरजेत असतो.

मे महिना, दुपारी जेवणं झालेली, पडवीत सतरंजी. सतरंजीला उन्हाचा आणि लोणच्याच्या बरणीचा वास. अण्णा, शेजारचे मास्तर, मामा आणि चौथ्या भिडूच्या जागी आलटून पालटून आम्ही पोरं. खेळ मेंढीकोट, आणि तोही बंद हुकमाचा. आमच्या कॅटमधली किलवर तिर्री फार पूर्वी हरवली होती. तिच्या जागी कुणाच्यातरी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा असायचा, बॉलपेनने तीन किलवर काढलेला, मागच्या बाजूला लालभडक आणि त्यावर अर्धा गणपती. ते पान कुणाकडे आहे हे सगळ्यांना कायम दिसायचं आणि सगळे ते न दिसल्यासारखं खेळायचे. मास्तर अण्णांचे कायमचे भिडू, आणि कायमचे वैतागलेले. कारण अण्णांच्या हाती हुकमाचा एक्का आला की तो ते टाकायचेच नाहीत. पानांच्या पार मागे, अंगठ्याखाली दाबून ठेवायचे. दश्शा पडताहेत, मामा एकामागून एक हात उचलतोय, मास्तरांच्या कपाळाची शीर फुगलेली. "अहो, काढा की हुकूम! त्याचं काय लोणचं घालायचंय?" अण्णा शांत. अगदी शेवटच्या हाताला तो एक्का डौलात सतरंजीवर यायचा. तोवर चारही मेंढ्या पलीकडच्या रानात चरायला गेलेल्या असायच्या आणि एक्क्याखाली सापडायच्या दुर्री, छक्की आणि तो लग्नपत्रिकेचा तुकडा. मास्तर पानं फेकून चहा मागायचे. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र हरल्याचं काही नसायचं. हात त्यांनीच उचललेला असायचा ना, शेवटचा.

तेव्हा मला याचा राग यायचा. मोठेपणी हसू यायला लागलं. घरात हे सगळीकडेच होतं म्हणा. काचेच्या कपाटात सहा कपांचा सेट, 'येण्याजाण्याला'. आईची एक पैठणी, नाकापेक्षा मोती जड नको म्हणून प्रत्येक लग्नात मागे राहिलेली. अण्णांना ऑफिसने दिलेलं पेन, मखमलीच्या डबीत, शाई न भरलेलं. मी ठरवलं होतं की आपण असं करायचं नाही. कप आले की वापरायचे, शर्ट आणला की त्याच दिवशी घालायचा. आणि वापरतोही. मग साता समुद्रापलीकडे येऊन, पगाराच्या पैशातून, चांगली माणसं गठ्ठ्यात दडवून ठेवायचा डेक मीच बांधला.

लोबॉलमुळे मला आणखी एक गोष्ट आठवत राहते. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहिल्या होत्या. गोल, लाखेच्या चकाकीच्या. दशावतारी जोडात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे एकशेवीस पानं. तिथल्या एका माणसाने समजावलं होतं की निम्म्या रंगांत आकड्यांचा क्रम उलटा लागतो. एका अवताराची दश्शी भारी, तर दुसऱ्याची हलकी, तिथे एक्का वरचढ. शिवाय दिवसा खेळलं तर रामाची उतारी, रात्री कृष्णाची. मी तेव्हा विचारलं होतं की हे लोकांच्या लक्षात कसं राहायचं. तो ब्रश धुता धुता म्हणाला, "खेळलं की राहतं." डूमटाउनच्या लोबॉलमध्ये सकाळी एक नियम आणि दुपारी दुसरा असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला म्हणूनच फारसं नवल वाटलं नाही. तरी परवा अंगावर आलंच.

गोळीबारात तो हात कधी आलाच नाही असं नाही. एकदा आला, नोव्हेंबरात. बाहेर पहिला बर्फ, दुकानात ओल्या जाकिटांचा आणि पुठ्ठ्याचा वास. दहा पानांतून मी एक्का, एक्का, अठ्ठी, अठ्ठी वेचत गेलो आणि नववं पान गुलाम निघालं. माझे कान तापले. फक्त काकांच्या बाजूला त्या भांडणात एकच माणूस होता, बंदूकही नसलेला, पडेल भावाचा एक कारकून, मी दारुड्या डॉक्टराला पाठवून उगाच उकरून काढलेली कुरापत. काकांच्या हातात एक जोडी, दुसरी पायरी. माझी अकरावी. नऊ जणांची हानी, आणि मरायला कारकून एकटा. काकांनी तो शांतपणे बूट हिलमध्ये, म्हणजे त्यांच्या मसणात नेऊन ठेवला आणि पुढच्या दोन दिवसांत गाव घेतलं. तेव्हा त्यांनी फोटोचं विचारलं नव्हतं. मीच काढला होता. तो फोनमध्ये आहे, मी कुणाला दाखवत नाही. चिमणी मारलेल्या तोफेचा फोटो काय दाखवायचा.

रविवारी सकाळी, म्हणजे अण्णांची संध्याकाळ, मी त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते एक्क्याऐंशीचे आहेत. मास्तर गेले, मामा गेला, आता ते एकटेच पलंगावर पेशन्स लावत बसतात. फोन उशीला टेकवलेला असतो, त्यामुळे मला त्यांची हनुवटी, पंखा आणि पानं मांडणारे हात दिसतात. मी पाच पानं सांगितली, लोबॉल समजावला. त्यांनी मध्येच विचारलं, "म्हणजे तिथे पानं कमी लागली की जिंकतात?" मी म्हटलं, फक्त सकाळी.

"मग गेले किती?"

"एक."

"डॉलर?"

"नाही हो. खोटा खडा. प्लॅस्टिकचा."

"मग स्वस्तात सुटलास. त्या तुझ्या बिलाचा जीव गेला."

आम्ही दोघंही हसलो. पंख्याने एक पान उडालं, ते त्यांनी पकडलं. मग मी विचारून टाकलं, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते, की हुकमाचा एक्का शेवटपर्यंत का धरून ठेवायचात. त्यांनी आधी मास्तरांवर ढकललं. मास्तरांना खेळच कळत नव्हता, नुसती घाई, हुकूम काय पहिल्या हाताला मारायची वस्तू आहे का, वगैरे. मग काळ्यावर लाल, लालवर काळं असं काही वेळ चाललं. मला वाटलं विषय संपला. लाल नहिल्यावर अठ्ठी ठेवता ठेवता ते म्हणाले, "तेवढं एकच पान चांगलं असायचं रे हातात."

आणि मग पेशन्स अडला म्हणून त्यांनी सगळी पानं गोळा केली. त्यात तो लाल तुकडा मला दिसला. गणपतीची सोंड पार झिजून गेली आहे.

काल बुधवार. डेक तोच होता. बदलावा असं दोनदा वाटलं, खोळी काढायचा कंटाळा केला. पहिल्याच हातात चौकट गुलाम आला, खाण. एरवी मी तो मावळतीला टाकला असता. म्हातारे दोघं चौकात उभे होते, पगाराला खडे पुरत नव्हते, आणि काका माझ्याकडे न बघता आपल्या टायचा निळा खडा अंगठ्याने पुसत बसले होते. मी खाणीची किंमत मोजली आणि ते पान माझ्या रस्त्याच्या टोकाला ठेवलं. काका काही बोलले नाहीत. फक्त पान नीट वाचायचं म्हणून चष्मा खाली आणला, खरं तर ते त्यांना पाठ असणार. पुढच्या सकाळी लोबॉलला माझी पानं आली: इस्पिक एक्का, किलवर अठ्ठी, बदाम पंजी, चौकट तिर्री, बदाम दश्शी. काही नाही. कशाला काही नाही. काकांकडे तीन नव्व्या. मधले दोन खडे मी ओढले आणि त्यांना म्हटलं, "फोटो काढता का?"

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग खिसे चाचपत फोन काढला, दोनदा चुकीचं बटण दाबलं, आणि काढला. फोटोत पानं थोडी हलली आहेत. कडेला माझा अंगठा आला आहे, आणि त्याच्या मागे खाण, अर्धीच.